गवताचं छप्पर आणि ८७ हजार शिलिंग

पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला सियाया नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. थेट रोख मदतीने गरीब घराचं काय होतं, याचा जगात सर्वांत बारकाईने अभ्यास झालेल्या प्रदेशांपैकी हा एक. इथल्या एका घराची ही कथा. घर, गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. हे कुटुंब एकाच घराची जशीच्या तशी नोंद नाही, तर तिथल्या घरांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे प्रसंग जुळवून ते उभं केलं आहे. योजनेची रक्कम, हप्ते, निकष आणि अभ्यासांचे आकडे मात्र खरे आहेत.

पार्श्वभूमी

गाव लुओ लोकांचं. एका कुंपणाच्या आत दोन घरं. एकात साधारण चाळिशीचा नवरा, त्याची बायको आणि तीन मुलं, तर समोरच्या घरात त्याची म्हातारी आई. लुओ रीतीप्रमाणे सासू आणि सून एका छपराखाली राहत नाहीत, पण अंगण एक आणि पाण्याचा हंडाही बऱ्याचदा एकच.

नवरा बोडा-बोडा चालवायचा, म्हणजे मोटरसायकलवरून प्रवासी न्यायचा. गाडी दुसऱ्याची होती आणि रोज संध्याकाळी मालकाला ३०० शिलिंग द्यावे लागत. पेट्रोल भरून आणि मालकाचे देऊन उरेल ते घरी येई. काही दिवशी काहीच उरत नसे. तिथल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसते ती आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर, आणि याच्या हातातही तीच होती. बायको एकरभर रानात मका आणि घेवडा लावायची, खुरपणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची.

घराला मातीच्या भिंती आणि वर गवत. गवताचं छप्पर लांबून फोटोत छान दिसतं, पण त्याच्याखाली राहणाऱ्याला ते दरवर्षी खर्चात पाडतं. मार्चमध्ये मोठा पाऊस सुरू होण्याआधी गवत विकत आणायचं, कारागीर बोलवायचा, कुजलेले भाग काढून नवे बसवायचे. ज्या वर्षी पैसे नसतील त्या वर्षी अर्धंच शेकारायचं आणि उरलेल्या भागाखाली कोणी झोपायचं नाही. या घरात पावसाच्या रात्री आई उठून तिन्ही मुलांची अंथरुणं पश्चिमेच्या भिंतीला सरकवायची आणि गळतीखाली ॲल्युमिनियमची दोन पातेली ठेवायची. मोठ्या मुलीच्या वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खुंटीला टांगलेल्या असत. त्या मुलीचं ते प्राथमिक शाळेचं शेवटचं, आठवीचं वर्ष होतं.

२०१५ च्या सुरुवातीला गिव्हडायरेक्टली या संस्थेची माणसं गावात आली. गरिबांना वस्तू किंवा प्रशिक्षण न देता थेट पैसे द्यायचे, कशावर खर्च करायचा ते सांगायचं नाही आणि परतही मागायचे नाहीत, ही तिची पद्धत. पात्रतेची खूण एकच होती, छप्पर गवताचं असलं पाहिजे. एका घराला मिळून ८७,००० शिलिंग, म्हणजे योजना आखली तेव्हाचे सुमारे १,००० डॉलर किंवा आपले साधारण ६० हजार रुपये. अशा घराच्या पाऊण वर्षाच्या खर्चाएवढी ही रक्कम. आधी सगळं नीट पोचतंय का ते पाहायला ७,०००, दोन महिन्यांनी ४०,००० चा पहिला मोठा हप्ता आणि आठव्या महिन्यात दुसरा, उरलेले ४०,०००.

पैसे येणार मोबाईलवर, एम-पेसावर. केनियात ही सेवा २००७ पासून आहे आणि खेड्यातल्या टपरीवरचा एजंट ती रोकड काढून देतो. स्वाहिलीतला हा ‘पेसा’ आपल्या ‘पैशा’चाच भाऊबंद. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिंदी व्यापाऱ्यांबरोबर शब्द गेला, आणि १९२० पर्यंत तिथे चलनही रुपयाच होतं.

अडचण

पहिली अडचण विश्वासाची. फुकट कोण देतं? गावात कुजबुज सुरू झाली की हा सैतानाचा पैसा आहे, घेतला तर घरातलं माणूस जाईल. ही एका गावाची गोष्ट नाही. त्याच वर्षी सरोवराच्या आखाताच्या पलीकडे होमा बे काउंटीत सुमारे ४५ टक्के घरांनी पैसे नाकारले. एरवी नकाराचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असायचं. त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आजवर बाहेरून आलेल्या प्रत्येक माणसाने काहीतरी मागितलं असेल, किमान मत तरी, तर काहीच न मागणाऱ्याची भीती वाटणार नाही तर काय होणार?

दुसरी अडचण अंगणातच होती. म्हाताऱ्या सासूच्या घरावर पत्रे होते. तिचा नवरा नैरोबीत नोकरीला असताना त्याने तीसेक वर्षांपूर्वी घातलेले. आता ते गंजून लाल झालेले, खिळ्यांच्या जागी भोकं पडलेली आणि पाऊस सुनेच्या घराइतकाच आत येणारा. पण कागदावर ते पत्र्याचं घर होतं, म्हणून म्हातारी अपात्र ठरली. नवऱ्याने घाम गाळून पत्रे घातले त्याचीच ही शिक्षा का, असं ती दिवसभर अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. तिला देण्यासारखं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

तिसरी गोष्ट घरात फक्त दोघांनाच माहीत होती. बायकोला दिवस गेले होते. ऑक्टोबरात बाळंतपण येणार होतं.

समोरचे पर्याय

नोंदणी कोणाच्या नावावर करायची हा पहिला निर्णय. नवऱ्याकडे फोन होता, बायकोकडे नव्हता. संस्थेकडून फोन घेता येत होता आणि त्याची किंमत मदतीतून वळती होणार होती. नवऱ्याला हा खर्च फुकटचा वाटला. बायकोने मात्र फोनही स्वतःचा आणि पिनही स्वतःचा, असाच आग्रह धरला. सियायातल्याच रारिएडा भागात २०११ ते २०१३ दरम्यान योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या संशोधकांनी याच संस्थेच्या मदतीवर केलेल्या अभ्यासात पैसे बाईच्या हाती गेले की पुरुषाच्या, यामुळे घराच्या खर्चात फारसा फरक दिसला नव्हता. सरासरी म्हणून ते खरं असेल. या घरात मात्र पुढे जानेवारीत त्या पिनने फरक पडला.

मग पैशाचं काय करायचं, यावर दोन महिने बोलणं चाललं. नवऱ्याला स्वतःची मोटरसायकल हवी होती. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, कारण रोजचे ३०० वाचले तर महिन्याला सात-आठ हजार घरात राहतात. पण नव्या गाडीत जवळपास सगळी रक्कम गेली असती, आणि ती घ्यायला दुसरा हप्ता येईपर्यंत पहिला सांभाळून ठेवावा लागला असता. सहा महिने ४०,००० शिलिंग फोनमध्ये ठेवायचे आणि भावकीत कोणालाच कळू द्यायचे नाही, हे त्या गावात शक्य नव्हतं. चुलत भाऊ मे महिन्यातच उसने मागून गेला होता.

बायकोला छप्पर हवं होतं. गाय घ्यावी असंही एकदा बोलणं झालं, पण चारा कोण आणणार आणि बाळंतपणात दूध कोण काढणार, यावर ते संपलं. शिवाय मुलीचं माध्यमिक शाळेत नाव घालायचं होतं. प्रवेश जानेवारी-फेब्रुवारीत व्हायचे, म्हणजे दुसऱ्या हप्त्याच्या तोंडावर.

इथे बाहेरचा सल्लागार असता तर त्याने मोटरसायकल सांगितली असती, असं मला वाटतं. ती कमावती वस्तू आहे आणि छप्पर हा खर्च. पण सियायात छप्पर हा खर्च नाही. रारिएडाच्या अभ्यासात पत्र्याच्या छपराला लागलेला पैसा आणि दरवर्षी गवतावर वाचणारा पैसा यांचा हिशेब मांडला आहे. छपराच्या किमतीच्या जवळपास पाचवा हिस्सा एका वर्षात वाचतो. पत्र्यावरून पडलेलं पाणी पिंपात साठवता येतं, गवतावरचं पिवळं कुजकं पाणी पिता येत नाही. हा हिशेब त्या बाईला कोणी शिकवलेला नव्हता. पातेली तीच रोज रिकामी करत होती.

काय केलं

मे महिन्यात ७,००० आले. फोन वाजला तेव्हा ती विहिरीवर होती. मेसेज इंग्रजीत असल्यामुळे तो मोठ्या मुलीने वाचला, मग परत वाचला. एजंटाकडून आधी फक्त ५०० काढले, खरंच निघतात का ते पाहायला. निघाले. त्या आठवड्यात घरात ओमेना, म्हणजे सरोवरातले छोटे सुके मासे, आणि साखर आली. हजार शिलिंग सुनेने स्वतः सासूच्या हातात नेऊन दिले. नवऱ्याला ते नंतर कळलं.

जुलैत ४०,००० आले त्या दिवशी वेगळाच घोळ झाला. गावातल्या तीसेक घरांचे पैसे एकाच सकाळी आले आणि टपरीवरच्या एजंटाकडची रोकड दुपारपर्यंत संपली. बाजाराच्या गावी जायचं तर पैसे घेऊन येताना सगळा रस्ता ओळखणार. तिने पैसे फोनमध्येच ठेवले आणि पत्रेवाल्या दुकानदाराला एम-पेसानेच दिले. रोकड हातात आलीच नाही, त्यामुळे उसने मागणाऱ्यांना द्यायलाही नव्हती.

छप्पर घालताना खर्च वाढला. जुन्या लाकडी खांबांना वाळवी लागली होती आणि फुंडी, म्हणजे कारागीर, म्हणाला की यावर पत्र्याचं वजन ठेवणार नाही. सहा खांब नवे घ्यावे लागले. उरलेल्या पैशांत ऑगस्टमध्ये मक्याची चार पोती घेतली, नव्वद किलोची. सुगीत भाव पडलेले असतात आणि पुढच्या पेरणीपर्यंत ते चढतात. दरवर्षी हे घर सुगीत मका विकायचं आणि एप्रिलमध्ये महाग विकत घ्यायचं. या वर्षी पहिल्यांदा उलटं झालं.

चार पत्रे उरले. नवरा ते विकायला निघाला होता, चांगले पैसे आले असते. बायकोने ते सासूच्या छपराच्या पूर्वेकडच्या बाजूवर ठोकून घेतले, जिथे म्हातारीचा पलंग होता. तो पूर्ण उपाय नव्हता. पण त्या दिवसापासून म्हातारीचं अंगणातलं बोलणं थांबलं.

आणि एक गोष्ट केली नाही, तीही इथे लिहायला हवी. ऑगस्टपासून ती मजुरीला गेली नाही. आधीच्या चारही वेळी ती आठव्या महिन्यापर्यंत दुसऱ्यांच्या शेतात खुरपत होती. या वेळी घरात मका होता. ऑक्टोबरात कळा सुरू झाल्या तेव्हा नवऱ्याने तिला गाडीवर मागे बसवून, मध्ये शेजारीण, असं आरोग्य केंद्रात नेलं. केनियात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण २०१३ पासून मोफत होतं. अडत होतं ते पोचण्यावर आणि मजुरी बुडण्यावर.

दुसरा हप्ता जानेवारी २०१६ मध्ये आला. आठवीच्या परीक्षेत मुलीला बरे गुण मिळाले होते आणि दूरच्या निवासी शाळेत जागा मिळत होती. त्या शाळेत घातलं तर हप्त्यातला बहुतेक पैसा फी, गादी, पत्र्याची पेटी आणि गणवेशात गेला असता, आणि पुढच्या वर्षीच्या फीचं काय हा प्रश्न तसाच राहिला असता. चार दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. पिन बायकोकडे, म्हणून नवऱ्याला बोलावं लागलं. शेवटी मुलगी चालत जाता येईल अशा शाळेत गेली आणि उरलेल्या पैशांत ओळखीच्या माणसाकडून जुनी बॉक्सर घेतली.

परिणाम

दोन वर्षांनी पाहिलं तर घर कोरडं होतं. पन्हळीखालचं पिंप पावसाळ्यात रोज भरायचं आणि दोन्ही घरांना पुरायचं. चार पोत्यांतलं एक पोरकिड्यांनी खाल्लं, पण उरलेली तीन पोती जूनपर्यंत पुरली. ऑक्टोबरातलं बाळ चालू-बोलू लागलं होतं. त्याच्या आधीच्या भावंडांमधलं एक पहिल्या वर्षातच गेलं होतं. त्याचा उल्लेख घरात कोणी करत नाही.

त्या एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. पण सियायातल्याच ६५३ गावांच्या अभ्यासात सुमारे साडेदहा हजार घरांना पैसे दिले गेले, त्याचा पुढे माग काढला गेला. २०२५ मध्ये आलेल्या विश्लेषणात पैसे मिळालेल्या घरांत एका वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटलेले दिसले. बाळंतपणाच्या आसपास पैसे आले असतील आणि दवाखाना जवळ असेल, तिथे परिणाम अधिक ठळक होता. शेवटच्या महिन्यांत बायकांनी कष्टाची कामं कमी केली होती. हे वाचताना मला त्या बाईचं ऑगस्टमध्ये घरी राहणं आठवतं. कोणत्याही प्रकल्पाच्या यादीत ‘गरोदर बाईला मजुरीला न जाण्याची मुभा’ असं कलम मी पाहिलेलं नाही.

दारूत पैसे जातील ही भीती इथेही होती. नवऱ्याने जुलैत दोन संध्याकाळी मित्रांना पाजली, हे खरं. पण दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं रारिएडात आढळलं नाही, आणि जगभरातल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावाही तेच सांगतो. गावात पैसा फिरला. फुंडीला वर्षभर काम होतं, पत्रेवाल्याने मदतनीस ठेवला. त्या ६५३ गावांच्या अभ्यासात, जो २०२२ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त प्रसिद्ध झाला, एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाल्याचा अंदाज आहे. महागाई जेमतेम ०.१ टक्का वाढली. ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांचीही स्थिती सुधारली.

मोटरसायकलचं मात्र बिनसलं. गाडीची लॉगबुक, म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकसारखा मालकीचा कागद, विकणाऱ्याच्या नावावरही नव्हती, त्याच्या आधीच्या मालकाच्या नावावर होती. पोलिसांनी अडवलं आणि गाडी अकरा दिवस चौकीत पडून राहिली. त्या अकरा दिवसांत नवरा पुन्हा जुन्या मालकाकडे ३०० शिलिंग रोजावर गेला. मका विकून दंड भरला. गाडी सुटली, पण लॉगबुक नावावर व्हायला आणखी वर्ष गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

गाडीच्या बाबतीत उत्तर साधं आहे. कागद हातात येईपर्यंत निम्मेच पैसे द्यायला हवे होते. मोठी रक्कम पहिल्यांदाच हाती आलेल्या माणसाला, ती संपायच्या आत काहीतरी मोठं उभं करण्याची घाई असते. संस्थेने खर्चावर अट न घालताही जमीन, गाडी आणि जनावर घेताना कोणता कागद पाहायचा, एवढी माहिती नोंदणीच्या वेळी द्यायला हवी होती. सल्ला आणि अट यांत फरक आहे. ‘आम्ही ढवळाढवळ करत नाही’ या तत्त्वापायी इतकी साधी माहितीही न देणं मला पटत नाही.

मुलीच्या शाळेबद्दल मी ठाम बोलू शकत नाही. निवासी शाळेत ती अधिक शिकली असती का? कदाचित. पण पैसे एकदाच येणार होते आणि फी चार वर्षं भरायची होती. हेच पैसे दरमहा, दीर्घकाळ येणार असते तर निर्णय वेगळा झाला असता. केनियात तसाही प्रयोग २०१७ च्या सुमारास सुरू झाला. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी त्याच्या अभ्यासकांपैकी एक. काही गावांना महिन्याला २,२५० शिलिंग बारा वर्षं, काहींना दोनच वर्षं आणि काहींना एकरकमी. बारा वर्षांचा भरवसा असलेल्या लोकांनी काय केलं, तर भिशी लावली. महिन्याच्या छोट्या रकमा फिरवून स्वतःच मोठी रक्कम उभी केली. दोन वर्षांच्या छोट्या हप्त्यांचा परिणाम त्या मानाने कमी राहिला. म्हणजे लोकांना गठ्ठा हवा असतो, पण उद्याची खात्रीही हवी असते. या घराला गठ्ठा मिळाला, खात्री नाही.

हप्त्यांची वेळ निव्वळ योगायोगाने जुळली. पहिला हप्ता जुलैऐवजी नोव्हेंबरात आला असता तर मका महाग झालेला असता आणि ती सप्टेंबरात खुरपायला गेली असती. घरात गरोदर बाई आहे का, एवढा एक प्रश्न नोंदणीत विचारून तिचा हप्ता पुढे-मागे करणं अवघड नव्हतं.

राहिला छपराचा निकष. तो निवडण्यामागे कारण होतं. त्यात उत्पन्नाचे दाखले लागत नाहीत, लाच देऊन निकाल बदलता येत नाही, आणि गवत की पत्रा हे रस्त्यावरूनही दिसतं. पण रारिएडाच्याच तीन वर्षांनंतरच्या पाहणीत, त्याच गावातल्या पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांची परिस्थिती काही बाबतींत खालावल्याची चिन्हं दिसली होती. पुढे संस्थेने बऱ्याच ठिकाणी अख्ख्या गावाला देण्याची पद्धत घेतली. ती आधी असती तर म्हातारीला हजार शिलिंग सुनेच्या हातून घ्यावे लागले नसते. ते घेताना ती काही बोलली नाही. नोट दुमडून कमरेच्या कापडात खोचली आणि गंजक्या पत्र्याखाली आत निघून गेली.